स्मारक नाणी, भिंतीवरचा नकाशा आणि घरातला एक नियम

सांजवेळ

नाण्यांवर इथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा दुर्मीळ काय आणि त्याला मोल किती याभोवतीच फिरते. मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

आमच्या घरी तीन वर्षांपासून सगळे मिळून स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या घटनेची, जागेची किंवा माणसाची आठवण म्हणून काढलेली नाणी, जमवतात. सगळे म्हणजे आम्ही दोघं, सातवीतली लेक, चौथीतला धाकटा आणि माझे सासरे. सुरुवात त्यांच्या डब्यातून झाली. देशोदेशी फिरलेल्या मित्रांनी वेळोवेळी दिलेली बरीच नाणी त्यात नुसती पडून होती. मुलांनी एका सुट्टीत डबा पालथा केला, देशांप्रमाणे ढीग लावले, मग आकारांप्रमाणे लावले, दोन दिवसांत कंटाळले आणि नाणी परत डब्यात गेली. तेव्हा सासऱ्यांनी नियम घातला: अल्बम आणू, पण ज्या नाण्याची गोष्ट घरात कोणीतरी सांगेल तेवढंच नाणं अल्बममध्ये जाईल. बाकीची डब्यात थांबतील.

तो नियम आजही पाळतो. गोष्ट सांगायची म्हणजे नाण्यावरची जागा भिंतीवरच्या नकाशात शोधून टाचणी लावायची, घटनेचं साल खिडकीपासून दारापर्यंत बांधलेल्या दोरीवर चिमट्याने अडकवायचं, आणि रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं. दोरीवर एक वीत म्हणजे शंभर वर्षं. धाकट्याची वीत छोटी, त्यामुळे मोजायला आजोबांचीच वीत घ्यायची हेही ठरलेलं आहे.

पहिलं नाणं कुठलं लागलं ते सांगते. अमेरिकेने १९९९ ते २००८ या दहा वर्षांत आपल्या पन्नास राज्यांसाठी पाव डॉलरची पन्नास नाणी काढली, वर्षाला पाच याप्रमाणे. त्यातलं न्यू हॅम्पशायरचं, २००० सालचं नाणं आमच्या डब्यात होतं. त्यावर एका डोंगरकड्याचा आकार आहे, बाजूने पाहिला तर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा दिसतो. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं. लेकीला ते नाणं आवडलं म्हणून तिने हा कडा शोधायला घेतला आणि तिला कळलं की तो आता नाही. ३ मे २००३ रोजी तो चेहरा कोसळला. सुमारे १२ मीटर उंचीचे ग्रॅनाइटचे ते थर, भेगांत शिरलेलं पाणी गोठून, वितळून, पुन्हा गोठून हळूहळू सैल होत गेले होते. लोकांनी तो वाचवायला सळया आणि साखळ्या लावल्या होत्या, तरी तो गेला.

माझी मुलगी त्या दिवशी खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे नाणं काढलं तेव्हा त्यांना माहीत नव्हतं की तीनच वर्षं उरलीत." आम्ही प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून, झाकण घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवली. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, बाटली कशी टम्म होते ते सगळ्यांनी पाहिलं. खडकांचं विदारण, म्हणजे असं फुटत-झिजत जाणं, हा शब्द पाठ्यपुस्तकात नंतर आला. तोवर तिच्यासाठी त्या शब्दाला एक चेहरा होता.

त्याच मालिकेने दुसरी गोष्ट शिकवली, ती मला स्वतःला माहीत नव्हती. ही नाणी राज्यं ज्या क्रमाने संघराज्यात आली त्या क्रमाने निघाली. प्रत्येकावर दोन सालं आहेत: वर राज्य सामील झाल्याचं, खाली नाणं काढल्याचं. डेलावेअरवर १७८७ आणि १९९९. शेवटच्या हवाईवर १९५९ आणि २००८. भाचीने तिकडून संच पाठवला तेव्हा आम्ही अमेरिकेचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला आणि दर रविवारी एका वर्षाची पाच नाणी ठेवत गेलो. पहिली पाच सगळी पूर्वेला. मग नाणी हळूहळू पश्चिमेकडे सरकू लागली. एक देश आपल्या जमिनीवर कसा पसरत गेला हे नुसत्या नाण्यांच्या रांगेत दिसत होतं. आणि २००५ च्या रविवारी धाकट्याने विचारलं, "मधली एवढी जागा रिकामी असताना कॅलिफोर्निया उडी मारून आधी कसं काय आलं?" कॅलिफोर्निया १८५० चं आहे, मधलं वायोमिंग १८९० चं, युटा १८९६ चं. उत्तर सोन्यात निघालं: जानेवारी १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे गेले. मधला भाग पुढे कसा जोडला गेला ते युटाच्या नाण्यावर आहे. दोन इंजिनं समोरासमोर उभी, मध्ये सोन्याचा खिळा: १८६९ मध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग तिथे जुळले.

तुमच्यापैकी कोणी मुलांबरोबर असं काही करतं का? कुठली नाणी हातात घेतल्यावर मुलांनी प्रश्न विचारले? आणि आमच्या पद्धतीत काही चुकत असेल तर तेही मोकळेपणी सांगा.

नकाशावेडा

फार छान लिहिलंत. मी भूगोल शिकवतो, म्हणून एक भर घालतो: नाण्यावर नकाशा असेल तर तो खऱ्या नकाशाशेजारी ठेवून तपासायला सांगा. मुलांना मोठ्यांची चूक सापडली की ती जागा जन्मभर विसरत नाहीत.

तुमच्याच संचातलं जॉर्जिया राज्याचं १९९९ चं नाणं भिंगाखाली घ्या. राज्याची सीमारेषा काढली आहे, पण वायव्य कोपरा कापला गेला आहे. तिथे डेड नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे, ती नाण्यावरून गळाली.

दुसरं, एक किंवा दोन युरोचं कुठलंही नाणं. २००७ च्या आधीच्या नाण्यांवर तेव्हाच्या युरोपीय संघाचे पंधरा देश होते. संघ वाढला, तेव्हा २००७ पासून सीमा नसलेला, सगळ्या युरोपचा नकाशा घातला. त्यात सायप्रस बेट त्याच्या खऱ्या जागेपेक्षा बरंच पश्चिमेला सरकवून ठेवलं आहे, कारण खरी जागा नाण्याच्या चौकटीत मावत नव्हती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे मोजपट्टी लावून शोधलं होतं. पुढचा सगळा तास आम्ही नकाशात काय बसवायचं आणि काय सोडायचं हे कोण ठरवतं यावर बोललो.

जर्मनीची राज्यांची मालिकाही तुम्हाला आवडेल. दोन युरोचं दर वर्षी एका राज्याचं नाणं, २००६ पासून. ल्युबेकचं होल्स्टेनटोर हे वेशीचं दार, कोलोनचं कॅथेड्रल, बव्हेरियातला नॉयश्वानश्टाइन किल्ला. त्यावर एक छोटं अक्षर असतं, ते टांकसाळीचं: बर्लिन, म्युनिक, श्टुटगार्ट, कार्ल्सरूऽ, हँबुर्ग. एकच नाणं पाच गावांत पडतं. भारतीय नाण्यांवरही सालाखाली खूण बघा: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नॉयडाचा ठिपका, आणि कोलकात्याचं काहीच नाही. नाणं कुठे जन्मलं हा भूगोलाचा सगळ्यात पहिला प्रश्न आहे असं मी मुलांना सांगतो.

धूळपाटी

लेख आवडला, तरी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. स्मारक नाणं सरकार काढतं. काय लक्षात ठेवायचं हे त्या सरकारने त्या वर्षी ठरवलेलं असतं. मुलं नाण्यावरून इतिहास शिकत असतील तर ती विजेत्यांचा, राज्यकर्त्यांचा, साजरा करण्याजोगा इतिहास शिकतील. दुष्काळाचं, हरलेल्यांचं, हाकलून दिलेल्यांचं नाणं फार क्वचित निघतं.

उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये पन्नास सेंटचं नाणं काढलं, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या सफरीला दोनशे वर्षं झाली म्हणून. त्यावर कुक आहे, ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे, त्याच्या जहाजाचा मार्ग आहे. पण १७७० मध्ये त्या किनाऱ्यावर माणसं हजारो पिढ्या राहत होती, ती या नाण्यावर नाहीत. नाण्याची गोष्ट सांगणाऱ्या मुलाने तेवढंच सांगितलं तर ती अर्धी गोष्ट झाली.

माझी सूचना अशी. तुमच्या नियमात आणखी एक प्रश्न घाला: हे नाणं बघून वाईट कोणाला वाटेल?

हा प्रश्न हवेतला नाही, याचा पुरावा बेल्जियमने दिला आहे. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची. २०१५ मध्ये तिला दोनशे वर्षं झाली, रणांगण बेल्जियममध्ये, म्हणून बेल्जियमने दोन युरोचं स्मारक नाणं काढायचं ठरवलं. फ्रान्सने हरकत घेतली. नेपोलियनच्या पराभवाचं नाणं फ्रेंच लोकांच्या खिशात फिरणार, कारण दोन युरो सगळीकडे चालतात. बेल्जियमला माघार घ्यावी लागली. मग त्यांनी अडीच युरोचं नाणं काढलं. अडीच युरो हे नेहमीचं चलनी नाणंच नाही, त्यामुळे ते फक्त बेल्जियमपुरतं वैध ठरलं. आणि गंमतीची बाजू म्हणजे १८१५ मध्ये बेल्जियम नावाचा देशच नव्हता, तो १८३० मध्ये झाला.

सांजवेळ

धूळपाटी, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. तुमचा प्रश्न वहीत लिहून घेतला आणि कालच वापरून पाहिला.

आमच्याकडे वॉटर्लूचं नाणं नाही, म्हणून मुलांनी चित्र काढलं आणि लेक फ्रान्सच्या बाजूने, धाकटा बेल्जियमच्या बाजूने बोलला. लेक म्हणाली, "तुमच्या जागेवर लढाई झाली म्हणून आठवण तुमची कशी? मेले ते आमचे." तो म्हणाला, "शेतं आमची तुडवली." मी मध्ये काहीच बोलले नाही. सासरे उठले आणि डब्यातून २०१३ ची दोन नाणी काढून दोघांपुढे ठेवली. एक फ्रान्सचं, एक जर्मनीचं, दोन्हींवर तेच चित्र: फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर. या दोन देशांच्या मैत्रीच्या, १९६३ च्या एलिझे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा दोन्ही देशांनी मिळून काढलेलं. ज्या दोन देशांनी एकमेकांच्या दोन पिढ्या युद्धात संपवल्या, त्यांनी एकाच नक्षीचं नाणं पाडलं, हे मुलांना त्या वादानंतर जेवढं कळलं तेवढं एरवी कळलं नसतं.

आणि ब्रिटनच्या पन्नास पेन्सच्या दोन नाण्यांची जोडीही आम्ही शेजारी लावली आहे. १९७३ चं: नऊ हात एकमेकांत गुंफलेले, कारण ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला तेव्हा सदस्य नऊ झाले. २०२० चं: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला त्या वर्षीचं, त्यावर नुसती अक्षरं. दोन्हींची किंमत एकच आणि दोन्ही सात बाजूंची. धाकट्याने हात मोजले, मग दुसऱ्या नाण्यावर हात शोधले, आणि म्हणाला, "सोडले."

पाऊलवाट

नाण्यावरचं देशाचं नाव वाचायला लावा! आमच्या घरात हाच खेळ सगळ्यात जास्त चालतो. आपण ज्या नावाने देश ओळखतो ते नाव बऱ्याचदा त्या नाण्यावर नसतंच.

मॅग्यारोरसाग म्हणजे हंगेरी. सुओमी म्हणजे फिनलंड. श्किपेरी म्हणजे अल्बानिया. स्वित्झर्लंडच्या नाण्यावर हेल्वेटिया, कारण चार राष्ट्रभाषा असलेल्या देशाने भांडण नको म्हणून पाचवी, कोणाचीच नसलेली लॅटिन निवडली. दक्षिण आफ्रिकेचं तर वेगळंच: एका नाण्यावर अफुरिका त्शिपेम्बे, दुसऱ्यावर निंगिझिमु आफ्रिका, तिसऱ्यावर सुइड आफ्रिका. माझा मुलगा ती तीन वेगळ्या देशांची समजून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवत होता. एकाच देशाचं नाव व्हेंडा, झुलू आणि आफ्रिकान्समध्ये. १९९४ नंतर तिथे अकरा भाषा अधिकृत झाल्या आणि नाण्यांवर त्या आळीपाळीने येतात. १९९४ मध्ये काय झालं हे मग सांगावंच लागलं. १० मे १९९४, मंडेलांचा शपथविधी, त्याचंही पाच रँडचं स्मारक नाणं आहे.

आणि सालं! तुमच्या दोरीला यामुळे चांगलं काम लागेल. थायलंडच्या नाण्यावर २५६० दिसलं तर ५४३ वजा करा, २०१७ येतं. बुद्धसंवत. नेपाळच्या नाण्यावर विक्रम संवत, सुमारे ५७ वजा. जपानच्या नाण्यावर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष. टोकियो ऑलिम्पिकच्या स्मारक नाण्यावर शोवा ३९ आहे, म्हणजे १९६४. शोवा १ म्हणजे १९२६, एवढं कळलं की बाकी मुलं स्वतः काढतात. इथिओपियाची कालगणना आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. आजचं साल विचारल्यावर जगभर एकच उत्तर येत नाही हे मुलीला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती रात्री झोपायला तयार नव्हती, एकेक नाणं काढून गणितं करत बसली होती.

कोरा_कागद

नवीन आहे, प्रश्न साधे आहेत, समजून घ्या. आमच्याकडे घरात जमा झालेली जेमतेम दहा-बारा नाणी आहेत. यासाठी खूप नाणी विकत घ्यावी लागतात का? आणि माझा आठ वर्षांचा मुलगा सगळी नाणी घासून लख्ख करायला निघाला आहे, करू द्यावं का?

जुनीवही

कोरा_कागद, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते तातडीचं आहे: आजच थांबवा.

मी लहान असताना आईच्या मामांनी दिलेलं एक जुनं चांदीचं नाणं मी प्रेमाने घासलं होतं. काळं पडलं आहे, उजळलं तर मामांना आवडेल असं वाटलं. ते आले, त्यांनी नाणं हातात घेतलं, आणि काहीच बोलले नाहीत. भिंगातून पाहिल्यावर मला कळलं की अक्षरांच्या कडा गेल्या आहेत आणि सगळीकडे बारीक ओरखडे आहेत. धातूवर हवेने वर्षानुवर्षं चढलेला थर नाण्याला सांभाळत असतो, तो एकदा काढला की परत आणता येत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून, मऊ कापडावर ठेवून, न चोळता टिपावं. त्यापलीकडे काही करू नये.

धरताना कडेने धरायचं, चेहऱ्यावर बोट नको. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. पीव्हीसी नावाच्या या प्लास्टिकातून निघणाऱ्या द्रव्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तो धातू खातो. पॉलिस्टरची पाकिटं किंवा आम्लरहित कागद चालतो. दमट दिवसांत डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवा.

आता पहिला प्रश्न. नाही, फार काही विकत घ्यावं लागत नाही. चलनात फिरणारी स्मारक नाणी सुट्ट्या पैशांत येतात, ती दर्शनी किमतीलाच मिळतात. दांडी यात्रेला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हाचं २००५ चं पाच रुपयांचं, रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं २००३ चं, रेल्वेचा शुभंकर भोलू हत्ती कंदील घेऊन उभा असलेलं दोन रुपयांचं, संत तुकारामांचं २००२ चं एक रुपयाचं. ही माणसांच्या हातांतून फिरलेली आहेत. याउलट काही नाणी मुळातच विकण्यासाठी काढलेली असतात, रंगीत, चकचकीत, डबीत बंद. काही छोटी बेटराष्ट्रं कार्टूनमधल्या पात्रांची अशी नाणी काढतात, ज्यांचा त्या बेटाशी काही संबंध नसतो. मुलाला ती आवडतील, पण सांगण्यासारखी गोष्ट त्यांच्यात सापडत नाही. माझं मत आहे की सुरुवातीची दोन वर्षं झिजलेल्या, फिरलेल्या नाण्यांवरच काढावीत.

आणि एक कळकळीची विनंती. तुमच्याकडचं अमुक नाणं लाखो रुपयांना घेतो, आधी थोडी फी भरा, असे निरोप फिरतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे प्रकार झाले, म्हणून खुद्द बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की ती अशा व्यवहारात नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही. घरातली नाणी मुलांकडे असतील तर मुलांनाही हे सांगून ठेवा.

तळहात

माझ्या पुतण्याला खूप कमी दिसतं. भिंगाखाली नाणं बघायचा जो आनंद तुम्ही सगळे सांगताय तो त्याला नाही, पण संग्रह आमच्या घरातही आहे आणि त्यातलं निम्मं ज्ञान त्याचं आहे. म्हणून लिहिते.

तो कड आधी बघतो. वीस सेंट युरोच्या कडेला सात खाचा आहेत, दोन युरोच्या कडेला कंगोऱ्यांवर अक्षरं आहेत आणि ती देशागणिक बदलतात. युरो नाणी ठरवताना दृष्टिहीनांच्या संघटनेचा सल्ला घेतला होता, म्हणून लागोपाठच्या किमतींच्या नाण्यांच्या कडा वेगळ्या लागतात. ब्रिटनचं पन्नास पेन्स सात बाजूंचं आहे, तरी कसंही धरलं तरी त्याची रुंदी तेवढीच भरते. हे त्यानेच दोन पट्ट्यांमध्ये ते घरंगळवून आम्हाला दाखवलं. जपानच्या पाच आणि पन्नास येनला मध्ये भोक आहे.

अलाबामा राज्याचं २००३ चं पाव डॉलर त्याच्या मामेबहिणीने आणलं. त्यावर अंध आणि बधिर असलेली लेखिका हेलन केलर आहे आणि तिचं नाव ब्रेलमध्येही आहे, अमेरिकेच्या चलनी नाण्यावर ब्रेल आलं ते इथे पहिल्यांदा. पुतण्याने बोट फिरवलं, खूप वेळ फिरवलं, आणि म्हणाला, "हे वाचायला केलेलं नाही, बघायला केलं आहे." ठिपके फार लहान आहेत. २००९ मध्ये लुई ब्रेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली तेव्हा अमेरिकेने चांदीचा डॉलर काढला, त्यावरचं ब्रेल मात्र खरोखर बोटाने वाचता येतं. भारताचंही त्या वर्षी दोन रुपयांचं ब्रेल स्मारक नाणं आहे. धूळपाटींनी लिहिलंय, वाईट कोणाला वाटेल ते विचारा. आमच्या घरातला प्रश्न असा आहे की हे नाणं कोणाला वाचता येणार नाही.

शिडाचं_जहाज

नाण्यावर घटना कोरण्याची चाल आजची नाही, हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून येतो. बातमी हातोहात देशभर पोचवायला जुन्या राजांना नाणं फार सोयीचं होतं. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम घेतलं, तेव्हा सम्राट व्हेस्पेशियनने नाणी काढली: खजुराचं झाड आणि त्याखाली शोक करत बसलेली स्त्री. तिथल्या लोकांच्या दुःखाचं चित्र जिंकणाऱ्याने स्वतःच्या गौरवासाठी छापलं.

आणि मराठी मुलांना जोगळटेंभी सांगाच सांगा. नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, म्हणजे क्षहरात नावाच्या शक घराण्यातल्या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. नहपानाचा चेहरा आहे आणि त्यावरच सातवाहनांच्या खुणा ठोकल्या आहेत. नाणी वितळवून नवी करता आली असती. ती न वितळवता तशीच, जुना चेहरा दिसत राहील अशी फिरवली. तो निरोप कोणालाही वाचता येत होता, अक्षर न येणाऱ्यालाही. आता याच्या जोडीला नाशिकच्या लेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख वाचा. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं ती त्यात म्हणते. आईचा दगडावरचा शब्द आणि मुलाने चांदीवर मारलेला छाप एकच गोष्ट सांगतात. इतिहासात पुरावा पुराव्याला कसा भेटतो हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं काही माहीत नाही.

याच घराण्याच्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. मुलांना विचारा, दख्खनच्या राजाने नाण्यावर जहाज का घातलं असेल? आणि मग नकाशाकडे बघा म्हणावं.

पाऊलवाट

जहाजाचा प्रश्न आज रात्रीच विचारते.

मोठी मुलं यातून निसटतात, त्याचं काय करता? माझा थोरला नववीत गेला आणि नाण्यांकडे ढुंकून बघेना. मी त्याच्या हातात लोहचुंबक दिलं. भारताचं १९७५ ते १९९१ मधलं एक रुपयाचं नाणं चिकटत नाही, ते तांबं-निकेलचं. १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचं छोटं आलं, ते चिकटतं. ब्रिटनचा एक पेनीही १९९२ लाच कांस्य सोडून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा झाला. दोन देश, एकच साल. त्याने आपणहून धातूंचे भाव, महागाई वगैरे वाचायला सुरुवात केली. बोलत अजूनही कमीच आहे, पण चुंबक परत दिलेलं नाही.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. तळहात, तुमच्या पुतण्याचं वाक्य मी मुलांना वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी दिवे घालवून आम्ही सगळ्यांनी नुसत्या बोटांनी नाणी ओळखायचा प्रयत्न केला. सासऱ्यांना सगळ्यात जास्त ओळखू आली.

आणखी एक घडलं ते सांगते. कॅनडाने १९९२ मध्ये देशाला १२५ वर्षं झाली म्हणून पाव डॉलरची बारा नाणी काढली होती, दर महिन्याला एक, दहा प्रांत आणि दोन प्रदेशांची. सासऱ्यांच्या एका जुन्या मित्रांनी ती सगळी जपून ठेवलेली आम्हाला दिली. आम्ही कॅनडाचा नकाशा अंथरला आणि मुलं बारा नाणी जागच्या जागी ठेवत गेली. युकॉनवर हिमनदी, न्यूफाउंडलंडवर होडीतला कोळी. बाराही संपली आणि वर उत्तरेला नकाशाचा प्रचंड मोठा भाग उघडा राहिला. धाकट्याने बोट ठेवून वाचलं, नुनावुत. नाणं हरवलं असं समजून त्याने डब्यात, पलंगाखाली, सगळीकडे शोधलं.

नाणं हरवलं नव्हतं. आमचा नकाशा नवा आहे, नाणी जुनी. नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वायव्य प्रदेशातून वेगळं झालं, देशाचा सुमारे पाचवा हिस्सा, आणि तिथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत त्या नावाचा अर्थ आपली भूमी. वायव्य प्रदेशाच्या १९९२ च्या नाण्यावर इनुक्शुक आहे, दगडावर दगड रचून इनुइट लोक वाटेत उभी करतात ती खूण. लेक म्हणाली, मग हे नाणं नक्की कुठे ठेवायचं? खूप चर्चा झाली. शेवटी ते दोन्ही प्रदेशांच्या सीमेवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे ठेवलं.

मागच्या आठवड्यात भाचीच्या पाकिटातून कॅनडाचं दोन डॉलरचं, १९९९ चं नाणं आलं. नुनावुत झालं त्या वर्षीचं, हातात ढोल घेतलेला इनुइट वादक आहे त्यावर. धाकट्याने ते धावत नेऊन उघड्या जागेवर ठेवलं. आजोबांनी उचलून डब्यात टाकलं. गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही. येत्या रविवारी पाळी त्याची आहे, आणि तो सकाळपासून नकाशावर पालथा पडून ते लोक कुठून कुठे गेले ते शोधतो आहे.